नळीत काय घालायचं?

पहाटे साडेपाच

जागलीवर तासभर डोळा लागला आणि तेवढ्यात हरभऱ्याची चार तासं उलटीपालटी झाली. बॅटरी जमिनीला समांतर धरली की ओल्या मातीतले ठसे नीट उठून दिसतात. पुढे दोन खुरं आणि त्यांच्या मागे दोन छोटे ठिपके, म्हणजे रानडुक्कर. एक मोठी मादी आणि बरोबर पाच-सहा पिलं. नांगराच्या फाळासारखी त्यांनी नाकानं माती फाडत नेली आहे. पलीकडे तुरीच्या कडेला लांबट, टोकदार ठसे आहेत ते रोह्याचे, म्हणजे नीलगाईचे. रोही उकरत नाही, उभ्यानं शेंडे खातो.

सगळी वाट वर्धा नदीकडून आलेली. काठच्या बाभळीत जनावरं दिवसा पडून राहतात आणि रात्री वर चढतात. धुकं अजून पाण्यावर आहे. नदीच्या पलीकडे वर्धा जिल्हा लागतो, आर्वी तालुक्यातली वावरं. तिथंही कुणीतरी आपला हरभरा तपासत बॅटरी फिरवतोय. वरच्या देवळात घंटा वाजली. आमचं कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. इथून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीची परंपरा १५९४ पासूनची सांगतात. बाहेरच्यांना गाव त्यासाठी ठाऊक आहे. आम्हाला पौष-माघात ते जागलीसाठी ठाऊक असतं.

सकाळी सात

चहा झाला आणि कपाटातून बंदूक काढली. आज ती तपासायची, मग अमरावतीला जायचं.

ठासणीची, एकनळी, टोपीची बंदूक आहे. आजोबांच्या नावावर होती, मग वडिलांच्या, आता माझ्या. परवान्यावर हेतू लिहिला आहे : शेतीसंरक्षण. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी तोंडाकडून भरायच्या बंदुकीचा मुद्दाम उल्लेख आहे. शेतकऱ्याच्या घरात ती आजही आहे ती त्यामुळे. आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा करायची, निवडणूक झाली की पावती दाखवून परत आणायची.

पण परवाना बंदूक ठेवण्याचा आहे, जनावर मारण्याचा नाही. रानडुक्कर काय, रोही काय, दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आहेत. मारायचं झालं तर वनविभागाची वेगळी लेखी परवानगी लागते. गावात अजूनही पुष्कळांना हे दोन कागद एकच वाटतात, म्हणून मी ते पुन्हा पुन्हा सांगतो.

मागच्या बारानंतर नळी धुतली होती, तरी पुन्हा चिंधी फिरवली. काळी दारू म्हणजे ढोबळमानानं ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. जळाल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू होत नाही; त्यातला काही पांढऱ्या धुरात जातो, काही राखेसारखा नळीत बसतो. ती राख हवेतली ओल ओढते आणि लोखंड खाते. म्हणून गरम पाणी, मग कोरडी चिंधी, मग तेल. नळी स्वच्छ नसेल तर गोळीचं माप घेण्यात अर्थ नाही. राखेच्या थरानं आतला व्यास कमी झालेला असतो आणि नेमकी बसणारी गोळी अर्ध्या वाटेत अडकते.

अर्ध्यावर अडकलेली गोळी हा या बंदुकीतला सगळ्यात मोठा धोका. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली की दाब गोळीमागे न राहता नळीवर येतो आणि नळी फाटते. आजोबांच्या माहितीतल्या एका माणसाची दोन बोटं अशीच गेली. म्हणून आमच्या ठासायच्या गजावर दोन खुणा कोरल्या आहेत. रिकाम्या नळीत गज पहिल्या खुणेपर्यंत जातो, भरलेल्या नळीत दुसऱ्या. खूण नळीच्या तोंडाशी आली नाही तर दारू पेटवणारी टोपी बसवायची नाही. आजोबांनी वडिलांना ही एकच गोष्ट मारून शिकवली होती.

सकाळी साडेदहा

कुऱ्ह्यावरून एसटीनं अमरावती. परवान्याचं पुस्तक पिशवीत, बंदूक घरी कुलपात.

हत्यारांच्या दुकानात परवाना दाखवायचा, नोंद करायची, मग माल. मी बारा गोळ्या मागितल्या. मालकानं व्यासमापक पुढे सरकवला. त्याला माहीत आहे, मी मोजल्याशिवाय घेत नाही.

माझी नळी आतून १५.६ मिलिमीटर, म्हणजे वीस बोर. हा 'बोर' शब्द पुष्कळ जण वापरतात, पण त्याचा हिशेब ठाऊक नसतो. एक पौंड शिशाच्या सारख्या वीस गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक जेवढी होईल तेवढं वीस बोरच्या नळीचं तोंड. बारा बोरची नळी त्याहून रुंद, कारण पौंडाचे बाराच भाग पडले. आकडा वाढला की नळी बारीक होते.

मग १५.६ ची गोळी घ्यायची का? नाही. उघडी गोळी नळीला घट्ट बसली तर ठासताना चेपते, आणि सैल बसली तर दारूचा वायू कडेनं निसटतो. मधला मार्ग म्हणजे १५ मिलिमीटरची गोळी आणि तिच्याभोवती कापडाची चिंधी. उरलेल्या ०.६ मिलिमीटरमधली ०.३ एका बाजूला, ०.३ दुसऱ्या बाजूला. तेवढंच कापड हवं. मांजरपाटाचा घट्ट विणीचा तुकडा मी बोटांत दाबून पाहतो. कापूसच हवा. नायलॉन-टेरिकॉट उष्णतेनं वितळून नळीला चिकटतं. चिंधीला मेण आणि तेल लावायचं. मोटारीचं ग्रीस नाही, काळ्या दारूबरोबर त्याचं डांबर होतं.

सैल गोळीचं काय होतं ते आमच्याच मुलखात इतिहासात पडून आहे. २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोला जिल्ह्यातल्या अडगावाच्या माळावर इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज भोसल्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेशी लढली, आणि १५ डिसेंबरला मेळघाटावरचा गाविलगड पडला. कंपनीच्या शिपायांच्या हातातली ब्राउन बेस बंदूक सुमारे १९ मिलिमीटर तोंडाची आणि गोळी साधारण साडेसतरा. एवढी सैल गोळी मुद्दाम ठेवलेली, कारण राख साचलेल्या नळीतही ती पटकन उतरते आणि मिनिटाला दोन-तीन बार निघतात. पण ती नळीत आपटत बाहेर पडते, कुठल्या कडेला शेवटची लागली त्यावर तिची दिशा ठरते. शंभर पावलांपुढे एका माणसावर नेम धरण्यात अर्थ नसे. पलटण ओळीनं उभी करून समोरच्या ओळीवर एकदम झाडायची. फौजेला ते परवडतं. वावरात मी एकटा असतो, माझ्यापुढे ओळ नसते, आणि चुकलेली गोळी कुणाच्या तरी मचाणाकडे जाते.

दुकानात एक तरुण आपल्या घरातली जुनी टोपीची रायफल दाखवायला आला होता, कागदपत्रं हातात. मालकानं मला नळीच्या तोंडात करंगळी घालून बघायला सांगितलं. आत तीन खाचा होत्या, नळीभर पेच घेत गेलेल्या. ते आटे. एन्फिल्डच्या १८५३ च्या धाटणीची नळी.

तरुण म्हणाला, "काकाजी, याच्यात तुमच्यावाली गोल गोळी चालते का?"

प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर आट्यांत असतं. त्या लांब एन्फिल्डची नळी ३९ इंचांची आणि आट्याचा एक पूर्ण वेढा ७८ इंचांत. म्हणजे गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत बरोबर अर्धी गिरकी घेते. अर्धी गिरकी ऐकायला कमी वाटते, पण गोळीच्या वेगावर तीच पुरेशी असते, भोवरा फिरत असला की उभा राहतो तसं. हे आटे लांबट गोळीसाठी कापलेले. त्या नळीचं तोंड ०.५७७ इंच, म्हणजे सुमारे साडेचौदा मिलिमीटर. त्यात बसणारी गोल गोळी जेमतेम १८ ग्रॅम भरेल. एन्फिल्डची लांबट गोळी ५३० ग्रेनची, म्हणजे ३४ ग्रॅम. तोंड तेच, वजन जवळजवळ दुप्पट. गोल गोळीला वजन वाढवायला जागाच नाही. व्यास ठरला की वजन ठरलं. लांबट गोळी मागे वाढवता येते, आणि जड गोळी हवेत आपला वेग उशिरापर्यंत टिकवते.

लांबट गोळी तोंडाकडून सैल उतरते, मग आट्यांना धरते कशी, हे कोडं फ्रान्सच्या क्लोद मिन्ये या अधिकाऱ्यानं १८४० च्या दशकाच्या अखेरीस सोडवलं. गोळीच्या बुडाशी पोकळी ठेवायची. दारू पेटली की वायू त्या पोकळीत शिरून शिशाची कड फुगवतो आणि ती आट्यांत जाऊन बसते. पुढे एन्फिल्डच्या गोळीत त्या पोकळीत लाकडाची, नंतर भाजक्या मातीची गुडदी घालत. यासाठी शिसं मऊच लागतं. छापखान्याचं किंवा गाडीच्या चाकाच्या वजनाचं शिसं अँटिमनी मिसळलेलं, कडक असतं. त्याची कड फुगत नाही आणि गोळी आटे न धरता तशीच निघून जाते. नखानं ओरखडा उठला तर शिसं कामाचं, हा जुना कस मी त्याला दाखवला.

आणि गोल गोळी? आट्यांच्या रायफलीतही ती चालते, पण चिंधीत गुंडाळून. आटे चिंधीला धरतात, चिंधी गोळीला फिरवते. १८०० च्या सुमाराला आलेली बेकर रायफल चामड्याच्या चिंधीतली गोल गोळीच मारायची, आणि तिचा वेढा एन्फिल्डहून कितीतरी सावकाश होता. सावकाश वेढा गोल गोळीला, जलद वेढा लांबट गोळीला. नळीचा वेढा मोजल्याशिवाय गोळी मागू नये, एवढंच मी त्या मुलाला सांगितलं.

याच एन्फिल्डच्या गोळीला वंगण हवं म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावली, ते दातानं फोडायचं होतं, आणि १८५७ चा भडका उडाला. त्यानंतर हिंदी पलटणींना आटे नसलेल्या नळीच्या एन्फिल्ड दिल्या गेल्या. गोळी कितपत नेमकी जाईल हे राज्यकर्ते ठरवत होते. खाचांवरून बोट फिरवताना मला हे आठवतं आणि अंगावर काटा येतो.

दुपारी तीन

घरी येऊन जेवलो आणि गोळ्या निवडायला बसलो. किराणा दुकानातल्या पोराकडून दागिने मोजायचा छोटा काटा आणला होता.

१५ मिलिमीटरची शुद्ध शिशाची गोळी २० ग्रॅम भरली पाहिजे. शिशाची घनता ११.३४, हिशेब सरळ आहे. आठ गोळ्या बरोबर भरल्या. एक १९.९, ती चालते. दोन १९.५ आणि एक १९.३. व्यास तोच आणि वजन कमी, म्हणजे आत हवेचा बुडबुडा आहे. ओतताना शिसं पुरतं तापलेलं नव्हतं किंवा साचा थंड होता. असली गोळी बाहेरून सुबक दिसते, पण वजन एका कुशीला असल्यानं हवेत भेलकांडते. काचेवर सोडली की डुगडुगत जाते. तीन बाजूला काढल्या, पुढच्या खेपेला बदलून आणीन. आजोबा घरीच साच्यात गोळ्या पाडायचे, ओसरीत चूल मांडून. मी ते करत नाही, घरात शिशाची वाफ नको. मोजून झालं की हातही साबणानं धुतो. नातवंडं मांडीवर येतात.

शेजारचा पोरगा गाईला कडबा टाकून आला. काटा बघून बसला.

"काकाजी, एवढं सोन्यावानी काय मोजून राह्यले? सायकलीचे छर्रे टाका ना. नाई तं खिळे. एका बारात चार डुकरं."

मी त्याला ओरडलो नाही, कारण त्याच्या वावराचं नुकसान माझ्याहून जास्त झालं आहे. पण एकेक समजावून सांगितलं. लोखंडाचे छर्रे नळीला आतून ओरखडे पाडतात. शिसं नळीपेक्षा मऊ म्हणून ते चालतं. खिळा आडवा झाला की अडकतो, आणि अडकणं म्हणजे नळी फाटणं. शिशाचे बारीक छर्रे पाखरांसाठी. डुकराच्या चामड्याखाली चरबीचा जाड थर असतो. छर्ऱ्यांनी ते मरत नाही, जखमी होतं. जखमी डुक्कर चार दिवस सडत फिरतं किंवा सकाळी पऱ्हाटी वेचणाऱ्या बाईच्या अंगावर येतं. उद्या वनविभागानं परवानगी दिली तरी माझा निवाडा एकच : एक गोळी, चिंधीतली, तीस-चाळीस पावलांच्या आत, जनावर आडवं उभं असताना, आणि मागं मातीचा बांध असेल तरच. नाही तर नाही.

"आन् मागं बांध नसन तं?"

"तं गोळी भरायचीच नाई बापा."

इथंच सगळं येऊन थांबतं. गोळीचा आकार नळी ठरवते, वजन शिसं ठरवतं, पण गोळी घालायची की नाही हे मागची जमीन ठरवते. कौंडण्यपुरात मागची जमीन कुठे आहे? एका बाजूला नदी, आणि गोल गोळी पाण्यावर तिरपी पडली तर बुडत नाही, पोरांनी भिरकावलेल्या खापरीसारखी टप्पे घेत पलीकडे जाते. दुसऱ्या बाजूला टेकाड आहे, त्यावर देवळं आणि वस्ती. पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर दीक्षितांनी उत्खनन केलं ती जुनी नगरी त्याच मातीत. उरलेल्या दोन बाजूंना सपाट वावरं, आणि प्रत्येक वावरात रात्री एक माणूस.

पोरगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तं झटका मशीनच घ्यावं लागन." घे म्हटलं. सौर कुंपणाचा तो झटका क्षणभराचा असतो, जनावर बिचकून मागं फिरतं. फक्त तारेत लाइनीचा करंट सोडू नकोस. विदर्भात त्या तारेनं डुकरांबरोबर माणसंही मेली आहेत, आणि कधीकधी तार लावणाऱ्याच्याच घरची.

संध्याकाळी सात

ज्वारीची भाकर, तुरीच्या दाण्यांची आमटी, लाल मिरचीचा ठेचा. पांघरूण, बॅटरी, डबा, बंदूक. दारू एका पिशवीत, टोप्या दुसऱ्या खिशात. दोन्ही कधी एकत्र नाही. नऊ गोळ्यांचा डबा बरोबर घेतला, पण झाकण बंद.

रात्री दहा ते एक

अमावस्या जवळ आहे. थंडी हाडात शिरते. अर्ध्या-अर्ध्या तासानं कुणीतरी "हो... हो..." करतो, पुढचा त्याला उत्तर देतो, आणि हाक नदीच्या काठानं सरकत जाते. हाकेवरून कळतं कोण जागा आहे, कुठं बसला आहे. बंदूक घेऊन बसणाऱ्याला तर हे कळलंच पाहिजे. मी दर रात्री आधी आठही हाका मोजतो. आज सात आल्या. आठवा कुठं, हे विचारायला धुऱ्याधुऱ्यानं गेलो. तो पोटदुखीनं घरी परतला होता. मग मी परत येऊन बसलो.

रात्री एक चाळीस

हरभऱ्यात फुरफुर. मग मातीचा तो ओला आवाज, नाकानं उकरल्याचा. टॉर्च लावला नाही.

नळीत दारूचं एक माप, त्यावर पुठ्ठ्याची जाड चकती. गोळी नाही. गज दाबला, खूण पाहिली, बोटानं चाचपून पुन्हा पाहिली. कापडाचा बोळाही मुद्दाम वापरला नाही. जळकी चिंधी दूरवर जाऊन धुमसते आणि तूर वाळून खडखडीत झाली आहे. सोंगलेल्या तुरीच्या गंजीकडे पाठ केली, परवा पाणी दिलेल्या ओल्या वाफ्याकडे तोंड केलं, नळी वर, आणि मग टोपी बसवली.

बार झाला तेव्हा नदीच्या दोन्ही थड्या जाग्या झाल्या. पांढरा धूर समोर लोंबत राहिला. डुकरं पिलांसकट बाभळीकडे पळाली, पाण्यात पडल्याचा आवाज आला. चारी बाजूंनी पत्र्याचे डबे वाजले, हाका आल्या. मी सात मोजल्या. मग वाफ्यात जाऊन पुठ्ठ्याची काळी झालेली चकती शोधली आणि पायाखाली विझवली.

पहाटे चार

ती परत आली नाहीत. दोन दिवसांनी येतील, आवाजाला सवकतील, मग जागा बदलून बसावं लागेल. घरी गेलो की पाणी तापवून पहिल्यांदा नळी धुवायची.

वहीत बॅटरीच्या उजेडात नोंद केली : टोपी १, दारू १ माप, गोळी ०. डब्यात शिल्लक ९.